चादरीचं दुसरं टोक

मायवोर चादर घेऊन बसमध्ये चढली की ड्रायव्हर आधी सुस्कारा टाकतो आणि मग मागचं दार उघडतो. तिची चादर घडी घातलेली नसते. घडी घातली की रेघ पडते, आणि रेघ मायवोरला चालत नाही. पडद्यांच्या दुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या लांबलचक नळीवर ती चादर गुंडाळते, वरून प्लास्टिक लावते आणि नळी खांद्यावर टाकून मध्येच उभी राहते. बस वळली की अर्ध्या बसला मान खाली घालावी लागते. तरी तिला कुणी एका शब्दानं बोलत नाही. आमच्या बोरोस गावातले लोक बसमध्ये परक्या माणसाशी बोलण्यापेक्षा नळी डोक्यात लागलेली पत्करतात.

तिचं काम थोडक्यात सांगायचं तर, विकायला काढलेली घरं अशी लावायची की त्यात कधी कुणी राहिलंय असा संशयही येऊ नये. कुटुंबाचे फोटो कपाटात, औषधांच्या बाटल्या गाडीच्या डिकीत, टेबलावर लिंबांचा वाडगा, ओव्हनमध्ये दालचिनीचे बन, तेही वासापुरते. हे सगळं कुणालाही जमतं. मायवोरला बोलावतात ते पलंगासाठी. पूर्वी ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. ते बंद पडलं, तेव्हा बहिणीचं घर विकायला निघालं होतं म्हणून ती हातभार लावायला गेली. तिथला घरांचा दलाल झोपायच्या खोलीत शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "हा पलंग कुणी केला?" तेव्हापासून ती या धंद्यात आहे.

ओलसर चादर गादीवर पसरायची, पायाकडून ताणत यायची, कोपरे पाकिटासारखे दुमडून आत खोचायचे, मग हलका पाण्याचा फवारा मारून पलंगावरच इस्त्री फिरवायची, आणि स्वतः उलट्या पावली बाहेर यायचं. मग दोन रजया, कारण नवराबायकोला आमच्याकडे रजया वेगळ्याच लागतात, लांबीत दुमडून शेजारी शेजारी. घर बघायला लोक आले की मायवोर त्या खोलीच्या दारात उभी राहते. एकदा एका बाईनं गादी किती मऊ आहे बघायला पलंगाच्या काठावर जरासं टेकलं. मायवोर नुसती बघत राहिली. ती बाई उठली, माफी मागितली आणि घर न बघताच निघून गेली.

आणि हिचा स्वतःचा पलंग? मी समोरच्याच घरात राहते, रोज बघते. दोन अस्वलांनी रात्रभर भांडण करावं तसा दिसतो. विचारलं तर म्हणते, "शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं राबलीस, दाग्नी. घरी किती वेळा शंभर माणसांचं सूप केलंस?"

तिचं अर्धं यश मात्र तळघरात आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात धुण्याची खोली आहे. तिथे प्रत्येक घराची वेळ ठरलेली, आणि ती वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी पाच मिनिटं जास्त घेतली की भिंतीवर चिठ्ठी लागते. त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या माझ्या असतात, हे मी लपवत नाही. 'यंत्रातले केस आपोआप जात नाहीत. तुमची आई इथे राहत नाही.' ही माझीच. गुरुवारी दुपारी मायवोर आणि तिच्या नवऱ्याची वेळ, त्यांच्यानंतर माझी. मी नेहमी जरा लवकर जाऊन बाकावर बसते, म्हणजे त्यांना घाई वाटावी. त्यांना कधी वाटली नाही.

तिथे कोपऱ्यात एक जुनं यंत्र आहे, दोन जाड लाकडी रुळांचं. पोळी लाटावी तशी त्यातून चादर निघते, कडक आणि गार. पण रुळात घालण्याआधी चादर ओढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नव्हे. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, दोन दोन कोपरे मुठीत धरायचे. आधी एक तिरका ओढायचा, मग दुसरा, आणि शेवटी दोघांनीही अंगाचा भार टाकून मागे रेलायचं. समोरच्यानं हात सोडला तर तुम्ही जमिनीवर. लहानपणी आम्ही भावंडांनी एकमेकांना असंच पाडलं.

मायवोरचं दुसरं टोक म्हणजे एव्हर्ट, तिचा नवरा. बस चालवायचा, आता निवृत्त. चौतीस वर्षं दर गुरुवारी तो समोरचे दोन कोपरे धरतो. दोघं त्या वेळी बोलत नाहीत. बोलायची गरजच नसते, सगळं कापडातून पोचतं. एव्हर्टनं एकदा बायकोला न विचारता होडी विकत घेतली होती. त्या गुरुवारी चादर मधोमध फाटली. शुक्रवारी होडी परत गेली.

अशा घरात ती तळ्याकाठची कुटी कशी शिरली ते आता ऐका.

उत्तरेकडे रानात एव्हर्टचा चुलतभाऊ रूलंड राहायचा. तीन उन्हाळ्यांपूर्वी ही दोघं त्याच्याकडे गेली होती. तळ्याकडे बघत कॉफी पिताना मायवोर म्हणाली, "किती शांत आहे, नाही इथे." आता पाहुणी म्हणून गेलेली बाई दुसरं काय बोलणार? डासांनी तिचे घोटे सुजले होते, पण ते यजमानाच्या तोंडावर कसं सांगायचं? एव्हर्टनं मात्र ते वाक्य काळजावर कोरून ठेवलं. या वसंतात रूलंडनं कुटी विकायला काढली आणि आधी यांना विचारलं. एव्हर्टनं जेवताना विषय काढला. ती म्हणाली, "तुला हवी असेल तर." तो म्हणाला, "तुला हवी असेल तर." मग दोघं एकदमच म्हणाली, "हो, मग घेऊ या." त्यासाठी हे घर विकावं लागणार होतं, तेही दोघांनी हो हो म्हणत ठरवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी मायवोर माझ्याकडे कॉफीला आली आणि कपाकडे बघत बसली.

"मला नाही जायचं, दाग्नी."

"मग सांग त्याला."

"त्याचं मन लागलंय तिथे. आयुष्यभर बस चालवली बिचाऱ्यानं, आता कुठे काहीतरी हवंसं वाटलंय त्याला. मी कशी मोडता घालू?" मग थोड्या वेळानं, "तिथे रूळ नाही. लोक नाहीत. मी कुणाचे पलंग लावू, अस्वलांचे? तू त्याला सांगू नकोस हां."

मी शब्द दिला. त्याच आठवड्यात कचऱ्याच्या खोलीत एव्हर्ट भेटला. हिरव्या बाटल्या पांढऱ्या बाटल्यांच्या पेटीत टाकत होता, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"तिथे दिवसभर मी काय बघू?" तो म्हणाला. "पाणी? पाणी मी बघितलंय."

"मग मायवोरला विचारून बघ ना एकदा."

"विचारलं. हो म्हणाली."

"परत विचार."

"परत विचारलं तर तिला वाटेल मला नकोय."

"तुला नकोच आहे, एव्हर्ट."

"म्हणूनच तर." आणि बाटली चुकीच्या पेटीत टाकून म्हणाला, "तिला यातलं काही कळू देऊ नकोस. ती मन मारून राहील."

मी पुन्हा शब्द दिला. मूर्ख बाई मी. दोन तोंडांची कुलुपं माझ्या एकटीच्या तोंडाला. आमच्याकडे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याइतकं मोठं पाप नाही. भिंतीवर चिठ्ठी लावता येते, पण ती केसांविषयी असावी लागते. मी घरात येऊन भांडी आपटली. खरं सांगू तर मला दोघांचाही राग आला होता, आणि त्याखाली निव्वळ भीती होती. ते समोरचं दार उघडलं की मला कळतं की सकाळ झाली. तिथे उद्या कुणी कानात गाण्याची बोंडं घातलेला पोरगा राहायला आला असता, तर मी कुणावर चिडले असते?

घर विकायचं काम मेल्करकडे गेलं. मायवोर ज्याच्यासाठी पलंग लावते तोच हा दलाल. वय पस्तीस, दात पंचवीस वर्षांच्या पोराचे. आमच्याकडे सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची.

"मायवोर, तुझं घर तूच लावणार ना?" तो म्हणाला. "तू लावलंस की गेलंच म्हणून समज."

"बघू," मायवोर म्हणाली.

तिनं मला नंतर सांगितलं, तेव्हाच तिच्या डोक्यात बेत आला होता. इतकी वर्षं तिचा ठाम समज आहे की लोक घर बघत नाहीत, पलंग बघतात. पलंग नीट तर घर जातं. मग पलंगावर एक सुरकुती राहिली तर? एकच, मधोमध, उशीच्या खाली. कुणाला काही बोलावं लागणार नाही, कुणाचं मन मोडणार नाही, आणि घर आपलं राहील.

त्या गुरुवारी मी बाकावर बसले होते. दोघांनी चादर धरली. पहिला तिरका ओढला, दुसरा ओढला. मग दोघं मागे रेलली, पण चादर खाली झुकलेलीच. मध्ये तिची झोळी झाली होती, मांजर झोपेल अशी.

"दमलायस का?" मायवोरनं विचारलं.

"नाही. तू?"

"नाही, नाही."

परत ओढली. परत झोळी. दोघं एकमेकांकडे न बघता चादरीकडे बघत होती. मी बाकाची कड धरून बसले होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, दातांपर्यंत आलं होतं. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं, दोघांच्याही डोळ्यांत तेच: शब्द दिलायस हां. मी वाक्य गिळलं आणि म्हटलं, "माझी वेळ होत आली." ती ढिली चादर तशीच रुळातून गेली.

शनिवारी घर सजलं. फोटो गेले, लिंबं आली. मी डोकावले तेव्हा मायवोर झोपायच्या खोलीत पलंगापाशी एक बोट पुढे करून उभी होती. पलंग असा होता की बघून श्वास रोखावा. तळघरातली ढिलाई तिनं इस्त्रीनं भरून काढली होती. हात ऐकतच नव्हते तिचे. तिनं बोट टेकवलं, जरा दाबलं, एक बारीकशी चुणी पाडली. मग स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, परत आली आणि तळव्यानं चुणी साफ पुसून टाकली.

"जमत नाही," ती म्हणाली.

"थांब, मी करते."

"हात लावून बघ फक्त."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात इस्त्री होती, म्हणून मी मागे सरले. पलंग मोडायला नको म्हणून ती दोघं त्या रात्री माझ्याच बैठकीत जमिनीवर झोपली, आणि सकाळी उठून एकमेकांना म्हणाली, छान झोप लागली.

रविवारी घर बघायला रांग जिन्यापर्यंत आली. बुटांवर निळी प्लास्टिकची मोजी चढवून लोक आत शिरत होते. घरमालकांनी अशा वेळी बाहेर असायचं असतं, म्हणून एव्हर्टला गावातल्या तळ्याभोवती चक्कर मारायला पिटाळलं होतं. मायवोर कामावर होती, तेव्हा ती हजर. आणि मी आले होते कारण शेजारचं घर विकायला निघालं की सगळेच येतात, खरेदीचा आव आणून कपाटं बघायला. मेल्करनं झोपायची खोली मुद्दाम बंद ठेवली होती. ती शेवटी दाखवायची, असा त्याचा शिरस्ता.

"आणि ही," मेल्कर दारावर हात ठेवून म्हणाला, "या घराची शान."

दार उघडलं. पलंगावर एव्हर्ट झोपला होता.

आडवातिडवा, तोंड उघडं, एक रजई पायाखाली, दुसरी पोटाखाली. छातीवर अर्धा बन, चादरीवर बाकीच्या अर्ध्याचा चुरा, उशाशी कलंडलेला कॉफीचा कप आणि त्याचं तपकिरी तळं. पायांत मात्र निळी मोजी व्यवस्थित चढवलेली. नियम तो नियम.

मेल्करचे दात पहिल्यांदाच झाकले गेले. मी मायवोरकडे बघितलं. तिचा चेहरा चादरीपेक्षा पांढरा पडला होता.

आणि लोकांनी काय केलं? काही नाही. झोपलेल्या माणसाला उठवणं बरं दिसत नाही. ती सगळी माणसं चवड्यांवर आत आली, एव्हर्टला वळसा घालून कपाटं उघडून बघितली, खिडकीबाहेर बघितलं, भिंतीवर हळूच टकटक केली. एव्हर्ट घोरत होता. एक गरोदर पोरगी नवऱ्याच्या कानात म्हणाली, "किती शांत खोली आहे बघ. एवढ्या गर्दीतही झोप लागते माणसाला." नवऱ्यानं मान डोलावली. त्याच्यामागच्या बाईनं ते ऐकलं आणि तिनंही डोलावली.

शेवटचा माणूस गेला. मेल्कर फोन घेऊन जिन्यात पळाला. मी जायला हवं होतं, पण गेले नाही.

"ऊठ," मायवोर म्हणाली.

एव्हर्टनं एक डोळा उघडला. "गेले?"

"तू जागा होतास?"

"सुरुवातीला. मग खरंच लागली." तो उठून बसला. चुरा सगळीकडे पसरला.

"एव्हर्ट, माझा पलंग. लोकांसमोर." तिनं कलंडलेला कप उचलला. "माझ्या पलंगावर."

"गुरुवारी तू ओढत नव्हतीस," एव्हर्ट म्हणाला. "चौतीस वर्षं मी ते टोक ओळखतो. तुला हे घर सोडायचं नव्हतं, म्हणून पलंग बिघडवला."

मायवोर मग हळूच म्हणाली, "तूही नव्हतास."

"नव्हतो."

"मग बोललास का नाही?"

"तू म्हणाली होतीस, किती शांत आहे."

"मी कॉफी पीत होते रे," मायवोर म्हणाली. "डास चावत होते." आणि मग ती त्या चुऱ्यात, त्या कॉफीच्या डागाशेजारी, आपल्याच लावलेल्या पलंगावर बसली आणि रडायला लागली. एव्हर्टनं उरलेला बन तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

तेवढ्यात मेल्कर आत आला. दात परत जागेवर. "बोली चढतेय. पाच जण आहेत. एक तर विचारतोय तो झोपलेला माणूस जाहिरातीचा होता का. एव्हर्ट, कमाल केलीस."

"घर विकायचं नाही," एव्हर्ट म्हणाला.

"म्हणजे?"

"अजून कुणी सही केलेली नाही. आम्ही इथे राहतो."

मेल्कर मायवोरकडे वळला. तिनं तोंड भरलेलं असतानाच नकारार्थी मान हलवली. त्याला काहीच कळलं नाही. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी काही समजावून सांगणार. मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी लिंबांचा वाडगा उचलून घरी घेऊन आले. कुटी पुढे एका जर्मन जोडप्यानं घेतली. त्यांना डास चालतात म्हणे.

घर राहिलं, पण मायवोर एव्हर्टशी बोलायची नाही. जेवण वाढायची, कपडे धुवायची, शब्द नाही. मला म्हणाली, "घर वाचवलं त्यानं, ठीक. पण सगळ्या गावानं बघितलं ना तो पलंग?" मी म्हटलं, गावाला पलंग आवडला. ती माझ्याशीही बोलायची थांबली.

गुरुवारी मी बाकावर. तीच चादर, कॉफीचा डाग निघालेला. दोघांनी कोपरे धरले. पहिला तिरका. कापड असं वाजलं की मी दचकले. दुसरा तिरका. मग दोघं मागे रेलली, पूर्ण भार टाकून, चादर पत्र्यासारखी ताठ.

मायवोरनं हात सोडले.

चौतीस वर्षांत कधी सोडले नव्हते. एव्हर्ट धाडकन बसला, सगळी चादर त्याच्या अंगावर, त्यातून एक पाय बाहेर.  मग चादरीखालून आवाज आला, "हे रविवारचं का?"

"हो."

"फिटलं?"

मायवोर हसायला लागली. ती अशी हसते हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. भिंतीला टेकून, पोट धरून, इस्पितळाच्या धुलाईघरातल्या पोरीसारखी. मग ती गेली, चादर उचलली, त्याला हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "चल. परत धर. भिजवायला लागेल पुन्हा."

चादर भिजवली, झटकली, ओढली. सावकाश, जणू सबंध दिवस त्यांचाच होता. भिंतीवरच्या घड्याळात माझी वेळ केव्हाच सुरू होऊन गेली होती. माझी धुण्याची टोपली पायाशी होती, खिशात पेन्सिल होती, चिठ्ठीचा कागदही होता.

मी टोपली बाकाखाली सरकवली आणि बसून राहिले.